पंचनामा

पहिला रकाना : आपत्तीचा प्रकार.
पूर, गारपीट, वीज, भूकंप, इतर.
लागू असेल तिथे खूण करा.
अकरा वर्षं मी खुणा करते आहे.

निफाडला असताना
यशराज नावाच्या पोरानं फ्रीज उघडून दाखवला होता.
बर्फाच्या ट्रेमध्ये, मटारशेजारी, सात गारा.
"मॅडम, पुरावा."
बाहेर बाग उभी, अंगावर एक पान नाही,
आणि आत हा गारा जपत होता,
लाइट गेली की ट्रेला गोणपाट गुंडाळून.
फॉर्मवर गारांची संख्या लागत नाही.
तरी मी मोजल्या.

पेठच्या वरच्या अंगाला जिवली भोये.
वीज पडली तेव्हा ती नागली लावत होती,
नवरा बांधावर तंबाखू मळत होता.
तिचा फक्त एक कान गेला.
तिनं मला मुद्दाम त्याच बाजूला बसवलं.
"इकडून विचार बाई,
म्हणजे मला ऐकायला नको."
मी विचारलं : मयताचं नाव, वय, नातं.
ती समोरच्या डोंगराकडं बघत राहिली
आणि सगळी उत्तरं बरोबर दिली.

कळवणकडे भूकंप म्हणजे
मांडणीवरचा पेला दोन बोटं सरकतो,
भिंतीला केसाएवढी चीर, बस.
पण महिनाभर गाव अंगणात झोपतं, थंडीत,
आणि काळू बागूल रात्रीत तीनदा उठून
जमिनीला कान लावतो.
काय नुकसान झालं?
"झोपेचं," तो म्हणाला.
मी 'निरंक' लिहिलं.
फायलीत तो शब्द अजून माझ्या अक्षरात आहे.

आता बदली नाशकात.
गंगेला पूर.
सकाळी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी,
दुपारी छातीला, दिवेलागणीला गळ्याला.
पुलावर मोबाइल उंच धरून माणसं.
कुणीतरी म्हणालं, यंदा काही डोकं बुडत नाही,
पैज हरल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.
भांडी बाजारात पातेल्या-पातेल्यातून गाळ निघत होता,
आणि सराफ बाजारात गाळ कुणी उचलू देईना.
चाळण्या घेऊन बसले होते,
चिखलात सोनं शोधत.

पद्माकर गायधनींच्या गच्चीवर
वह्या वाळत होत्या.
तीर्थाला आलेल्यांची नावं, गावं, पिढ्या, सह्या.
पानापानावर विटेचा तुकडा,
आणि सून हेअर ड्रायर फिरवत होती,
लेकराचं डोकं वाळवावं तसा, दुरून.

वस्तू?
"वह्या."
संख्या?
"एकोणीस. दोन सापडत नाहीत."
किंमत?

त्यांनी चश्मा पुसला.
"गाव कोणतं तुमचं?"
"सटाण्याजवळ. देवरे."
उलथण्याच्या टोकानं त्यांनी पानं सोडवली.
फार हळू. दोन फाटली.
"हे. इथं होते."

निळा ढग.
ढगातून बाहेर आलेली एक वेलांटी.
कोण कुणाच्या अस्थी घेऊन आलं होतं इथवर,
बैलगाडीनं की रेल्वेनं,
सही करताना हात थरथरला होता का,
ते सगळं आता पुढं निघून गेलं,
नांदूर मधमेश्वरकडे, गाळाबरोबर.

त्यांनी शाळेची नवी वही काढली.
मुखपृष्ठावर पाढे छापलेली.
"सांगा."

वडील. आजोबा.
पणजोबा बहुतेक सखाराम.
"बहुतेक कसं लिहू?"
मी गप्प.
अकरा वर्षं प्रश्न मी विचारत आले होते.

मग मी आईचं नाव सांगितलं.
तिच्या आईचं.
तिच्या जावेचं, जिला मूल नव्हतं.
त्यांचं पेन जरा थांबलं.
जुन्या पानावर या बाया होत्या की नव्हत्या
आता पाण्यालाच ठाऊक.
त्यांनी लिहिलं.

किंमतीचा रकाना कोराच आहे.
फॉर्म मांडीवर, वाऱ्यानं फडफडतोय,
मीही त्यावर एक विटेचा तुकडा ठेवला.

ऊन कलायला लागलं तशी सून म्हणाली,
"बाबा, बोलत बसू नका.
अजून तेराशे पानं आहेत."